टोळी निघायच्या आधी शाळेत एक चक्कर मारा

दसरा झाला की माझं अर्धं लक्ष हजेरीपटावर असतं आणि अर्धं गावातल्या रस्त्यावर. कुणाच्या दारात ट्रॅक्टर लागला, कुणी शेळ्या पाहुण्यांकडे सोडल्या, कुणाच्या अंगणात पत्र्याची पेटी उन्हात टाकली. शेळ्या गेल्या की समजायचं, घर निघालं. त्यानंतर तीन-चार दिवसांत एखाद्या नावापुढे गैरहजेरीचा शेरा सुरू होतो. तो थेट गुढीपाडव्यापर्यंत.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. 21 वर्षं झाली. गावातल्या निम्म्याहून जास्त घरांचा ऊसतोडीचा कोयता आहे. दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलात साखर कारखान्याचा पट्टा पडला की परत येतात. शाळेचं दुसरं सत्र नेमकं त्याच महिन्यांत असतं. हे मी तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच तर जाता. माझं सांगणं वेगळं आहे आणि ते एवढंच: जायच्या आधी शाळेत येऊन बोला. दाखला काढायला, सही करायला किंवा पोराची तक्रार ऐकायला येता तसं नव्हे. घरात काय चाललंय ते सांगायला या.

तुम्ही म्हणाल, मास्तरणीला आमच्या घरातलं कशाला पाहिजे? तिनं पाढे शिकवावेत.

मीही बरीच वर्षं असंच समजत होते. डी.एड.ला आम्हाला पाठ घ्यायला शिकवलं. पाठटाचण कसं काढायचं, फळ्यावर अक्षर कसं काढायचं, मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जाईल एवढा आवाज कसा ठेवायचा. बालमानसशास्त्राचं एक पुस्तक होतं, त्यात मुलांच्या वाढीच्या अवस्था होत्या आणि त्यांची नावं परदेशी होती. सरावपाठाला वर्ग अगदी आयता मिळायचा, आंघोळ केलेली, दप्तर घेतलेली मुलं समोर बसलेली. त्या मुलांना घर आहे, घरात माणसं आहेत, याचा प्रश्नच कधी यायचा नाही. नोकरी लागली तेव्हा मला उत्तम शिकवता येत होतं. फक्त वर्गात मुलं नव्हती.

तिसऱ्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात फार पुढे. जूनमध्ये महिनाभर आला, मग दोन दिवस येई, आठ दिवस गायब. मी त्याच्या नावापुढे ‘अनियमित, पालक उदासीन’ असं लिहून मोकळी झाले. फेब्रुवारीत एका लग्नासाठी पश्चिम महाराष्ट्रात गेले होते. एसटी एका फाट्यावर थांबली, खिडकीतून पाहिलं तर उसाच्या बांधाला पाचटाच्या कोप्या आणि एका कोपीसमोर हाच मुलगा. कडेवर सहा-सात महिन्यांचं पोर. आई-बाप फडात, आणि हा त्या बाळाची आई झालेला. त्यानं मला पाहिलं, हसला आणि ओरडून म्हणाला, “बाई, मला तेराचा पाढा येतो!” एसटी निघाली.

उदासीन कोण होतं ते मला त्या दिवशी कळलं. दिवाळीआधी मी एकदा जरी त्याच्या घरी जाऊन विचारलं असतं की बाळाला कोण सांभाळणार, तरी काहीतरी वाट निघाली असती. त्याची आजी गावातच होती. पण मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पुढे मी पत्राद्वारे एम.एस.डब्ल्यू. केलं. पगारात त्यानं एक पैशाचा फरक पडला नाही. लोक विचारत, शिक्षिकेला समाजकार्याची पदवी कशाला? त्यात व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन असे जड शब्दांचे विषय असतात, पण खरं शिक्षण क्षेत्रकार्यात होतं. लोकांच्या घरी जायचं, बोलायचं आणि आल्यावर सगळं लिहून काढायचं. माझ्या पहिल्याच अहवालात मी लिहिलं होतं, ‘वडील व्यसनी असून मुलांकडे लक्ष देत नाहीत.’ मार्गदर्शक बाईंनी त्याखाली लाल शाईनं तीन शब्द लिहिले: ‘पाहिलं की ऐकलं?’ मी ऐकलं होतं. शेजारणीकडून. पुन्हा गेले तेव्हा तो माणूस ओसरीवर मुलीच्या केसांतल्या उवा काढत बसला होता.

तेव्हापासून माझ्याकडे दोन वह्या असतात. एक हजेरीची, शासनाची. दुसरी माझी, तिच्यात फक्त स्वतः पाहिलेलं किंवा ज्याचं त्यानं सांगितलेलं लिहिते. ही दुसरी वही तुमच्यामुळे भरते, तुम्ही बोललात तर.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवी गोष्ट नाही. सावित्रीबाईंनी 1848 साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि 1897 च्या प्लेगात आजाऱ्यांची सेवा करता करता त्या गेल्या. मधल्या काळात 1863 साली फुले दांपत्यानं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवेला बाळंतपणाला जागा देणं हे मास्तरणीचं काम आहे का, असं त्यांनी कुणाला विचारलं नाही. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही तेच केलं. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंच्या सोबतीनं शहरातल्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई 1945 साली बोर्डीला आल्या आणि 1957 मध्ये डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून या दोघींनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज आपण सरकारी शब्द म्हणून वापरतो, त्याची मुळं तिथं आहेत. पुढे आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून त्यांचं शाळेत बसणं झालं नाही, तर शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. मुलाला दोष देण्याऐवजी त्यांनी आधी पाहिलं की तो सकाळी कुठे असतो. एवढंच पाहायला मला पदवी घ्यावी लागली, हे जरा लाजिरवाणं आहे.

आता तुमच्या कामाचं बोलते.

मूल गावात ठेवायचं की न्यायचं, हे ठरवायच्या आधी या. आपल्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहाची सोय असते. नावात वसतिगृह असलं तरी बहुतेक गावांत पोरं झोपतात आजी-चुलत्यांकडे आणि दोन वेळचं जेवतात शाळेशी जोडलेल्या या सोयीत. पण त्याची यादी आधी करावी लागते, प्रस्ताव वर पाठवावा लागतो, किती मुलं राहणार हा आकडा द्यावा लागतो. तुम्ही रात्रीत ट्रॅक्टरवर बसून निघून गेलात आणि महिन्यानं फोन केलात की पोराला परत पाठवतो, तर तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरत नाही. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली त्याच आठवड्यात मला सांगितलंत तर त्याचं नाव यादीत असतं. म्हातारीला झेपेल का, मुलगी वयात आलेली आहे तर रात्री कुठे झोपेल, घरात आणखी कोण पुरुषमाणूस असतो, हे प्रश्न मी विचारीन. राग मानू नका. या प्रश्नांची उत्तरं घेतल्याशिवाय मी कुणालाच ‘मुलगी ठेवा’ असा सल्ला देत नाही. क्वचित मीच सांगितलंय की हिला बरोबर न्या, इथे नको.

न्यायचंच ठरलं, तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. मूल कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येतं, याची नोंद त्यावर असते. जिथे कोपी पडेल तिथल्या जवळच्या शाळेत ते दाखवा. आणि कार्ड हरवलं, उंदरानं खाल्लं, पेटीत राहिलं, तरीही पोराला शाळेत घेऊन जा. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा आहे, तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयाच्या मुलाला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. जन्माचा पुरावा नसला तरी नाकारता येत नाही. मधली दोन-तीन वर्षं शाळा सुटलेली असेल तरी वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं शिकवायची वेगळी व्यवस्था करायची, असंही त्यात आहे. कुणी “दाखला आणा मग बघू” म्हणालं तर भांडू नका, तिथूनच मला फोन लावा आणि फोन त्या गुरुजींच्या हातात द्या. माझं त्यांच्याशी नीट जमतं. आम्ही एकाच जातीचे, खडूवाले.

घरात कुणी गेलं असेल तर तेही सांगा. नवरा गेल्यावर बाया दोन-दोन वर्षं शाळेत सांगत नाहीत. का, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही, पण कुणी दया दाखवावी हे नको असतं असं वाटतं. बापाचं किंवा आईचं छत्र हरपलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला ठरावीक रक्कम मुलाच्या नावानं मिळते. ती आपोआप येत नाही. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, मुलाचा शाळेतला बोनाफाईड अशी कागदं जोडून अर्ज करावा लागतो. बोनाफाईड मी देतेच, बाकीच्या कागदांची यादीही लिहून देते. मूल ऐकत नाही, बोलत नाही, एका बाजूला झुकून चालतं, तर त्याला ‘मंद’ म्हणून घरी बसवू नका. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, पूर्वी फक्त सात होते. मला निदान करता येत नाही, मी डॉक्टर नाही. पण तपासणीचं शिबिर कधी आहे आणि पुढे कुणाला भेटायचं हे सांगता येतं.

लग्नाचं सगळ्यात अवघड. कोयता जोडीनं मोजला जातो, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचलही जोडीवरच मिळते. म्हणून पोराला लवकर बायको पाहिजे आणि पोरगी मागे ठेवायची भीती वाटते म्हणून तिलाही लवकर उजवून टाकायचं. हे सगळं मला माहीत आहे. उपदेश करून यातलं काही थांबलेलं मी पाहिलं नाही. थांबलेलं पाहिलं ते एकदाच. सातवीतल्या मुलीच्या चुलतीनं सुपारी फुटायच्या आधी मला पाणी भरताना सांगितलं. मी त्या घरी गेले, लग्नाचं नावही काढलं नाही. मुलीला आठवीपासून कुठे राहता येईल, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात जागा आहे का, खर्च किती येतो, एवढंच बोलले. तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी बाप म्हणाला, “राहायची सोय पक्की असंल तर बघू.” त्याला मुलीचं लग्न नको होतं, फडावर तिची राखण कोण करणार याचा घोर होता. मांडव पडल्यावर मला कळलं असतं तर माझ्याकडे एकच रस्ता उरला असता, ग्रामसेवक आणि पोलीस. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाचीच जबाबदारी असते आणि 2006 चा कायदा मुलीला 18, मुलाला 21 म्हणतो. तो रस्ता मी धरते, पण त्यानं मुलगी वाचते आणि घर तुटतं. म्हणून आधी सांगा. विहिरीवर सांगितलंत तरी चालेल, नाव घेतलं नाहीत तरी चालेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवते, नाहीतर पुढे फसवल्यासारखं वाटेल. तुम्ही सांगितलेलं मी गावभर करत नाही. स्टाफरूममध्येही नाही. माझी ती दुसरी वही कपाटात कुलपात असते. नवऱ्याची दारू, कर्ज, सासू-सुनेचं भांडण, हे माझ्यापाशी राहतं. पण एखाद्या मुलावर किंवा मुलीवर कुणी लैंगिक अत्याचार केलाय असं मला कळलं, तर ते मला दाबून ठेवता येत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवायची सक्ती आहे आणि कळवलं नाही तर शिक्षा आहे. शिक्षक असो वा शेजारी. तेव्हा ‘बाई, कुणाला सांगू नका’ असं वचन मी त्या बाबतीत देणार नाही. त्याऐवजी पोलीस ठाण्यात मी सोबत येईन, मुलीला एकटीला बसू देणार नाही, हे वचन देते. माझ्यापर्यंत येणं जमत नसेल तर 1098 हा क्रमांक लक्षात ठेवा. संकटातल्या मुलासाठी चोवीस तास चालणारा फोन. तो 1996 साली मुंबईत सुरू झाला, टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या एका उपक्रमातून. पोरांनाही पाठ करून द्या. तेराच्या पाढ्याआधी.

आता शिक्षकांच्या बाजूनं थोडं आणि विरुद्ध थोडं.

सगळ्या शिक्षकांकडे समाजकार्याची पदवी नसते आणि असायची गरजही नाही. हल्ली डी.एड.चं डी.एल.एड. झालंय, टीईटी आली, अभियोग्यता चाचणी आली. परीक्षा देऊन देऊन पोरं नोकरीला लागतात तेव्हा त्यांना गाव नवं, बोली नवी. तुमच्या पोराचे ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘कोपी’, ‘वाढं’ हे शब्द त्यांना शिकावे लागतात. त्यांना शिकवा. नव्या सरांना चहाला बोलवा आणि फडावर पहाटे किती वाजता उठावं लागतं ते सांगा. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शाळांच्या गटाशी समुपदेशक किंवा समाजकार्यकर्ते जोडावेत असं लिहिलंय. चांगलं लिहिलंय. आमच्या केंद्रात अजून कुणी आलेलं नाही, तोवर जे शिक्षक आहेत त्यांनाच घरातलं सांगावं लागणार.

शिक्षकांना शाळाबाह्य कामं किती आणि कोणती, याबद्दल गावात नेहमी बोललं जातं. कायद्यानं जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य एवढीच कामं सांगता येतात. प्रत्यक्षात माहिती भरण्यात किती तास जातात ते विचारू नका, मोबाईल चार्जिंगला लावून तुमच्याशी बोलते यावरून ओळखा. पण हे कारण पुढे करून कुणी गुरुजी तुम्हाला दारातूनच परत पाठवत असतील तर ते ऐकून घेऊ नका. आणि मारणारा शिक्षक ‘पोराच्या भल्यासाठी’ मारतो हेही ऐकून घेऊ नका. मारायला आणि मनाला लागेल असं बोलायलाही कायद्यानं बंदी आहे. ‘ऊसतोड्याचं पोर’ असं वर्गात हिणवणं हे त्यातलंच. मी स्वतः पहिल्या वर्षी पट्टी वापरली आहे. ज्याला मारलं तो आज मुकादम आहे, रस्त्यात भेटला की नमस्कार करतो आणि माझा हात उगाचच पदराकडे जातो.

शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्यापैकी कुणाचं तरी नाव असणार. समितीत 75 टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असाव्या लागतात. आमच्याकडे बाया कागदावर पूर्ण असतात आणि खुर्च्यांवर त्यांचे नवरे. बायांनो, तुम्ही स्वतः या. भाकरी थापून या, उशीर झाला तरी थांबू. हंगामी वसतिगृह ही समितीच चालवते. डाळ किती आली, भाकरी कच्ची का, संध्याकाळी पोरं मोजायला कोण असतं, हे तुम्हाला जसं कळेल तसं तुमच्या मालकांना कळणार नाही. आणि कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा देऊ नका, माझ्या हातात रजिस्टर असलं तरीसुद्धा. आधी वाचून दाखवा म्हणा. वाचून दाखवायला मी कंटाळले तर पोराला म्हणा वाच. त्याला वाचता येतं की नाही तेही त्यातच कळेल.

राहिल्या आज्या. दिवाळीनंतर या गावात उरता त्या तुम्हीच, आणि सहा महिने माझ्या वर्गाचे पालकही तुम्हीच. नातू रात्री अंथरूण ओलं करतो, नात जेवत नाही, एकटीच बडबडते, आईचा फोन लागला नाही की दगड मारत सुटते, हे तुम्ही शेजारणीला सांगता आणि मला सांगत नाही. मला वर्गात तेच मूल दिसतं, पण अर्धंच. मागच्या हंगामात एका आजीनं सांगितलं म्हणून आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या फोनवरून आई-बापाला फोन लावायचा पायंडा पाडला. शनिवारी बाया फडातून कधी परत येतात त्यावर वेळ ठरते. पोरं रांग लावतात. कुणी रडतं, कुणी नुसतं “जेवली का” विचारतं आणि फोन पुढच्याकडे देतं. यंदाही करू. मुकादमाचा नंबर नको, तुमचा स्वतःचा नंबर मला लिहून द्या, तिकडे सिम बदललं तर तेही कळवा.

दसऱ्यापासून शेवटचा ट्रॅक्टर हलेपर्यंत शाळा सुटल्यावर तासभर मी व्हरांड्यात बसते. खुर्ची नसते, सतरंजी असते. उचलीचे पैसे आणायला तुम्ही जाता ती वाट शाळेवरूनच जाते. येताना पोराला बरोबर आणा, त्याच्यापुढे बोलायचं नसेल तर मी त्याला पाणी आणायला पाठवीन. हापसा लांब आहे.